महाडचा उन्हाळा आणि मुरवायची वाइन

भाच्याने फ्रान्सहून एकाच सालच्या झिगोंदास रेड वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. "मामा, ही मुरेल तशी खुलत जाईल," म्हणाला. एक पुण्याला त्याच्या वाइनच्या फ्रिजमध्ये राहिली, दुसरी आमच्या महाडच्या घरी माळ्यावर. काही वर्षांनी दिवाळीत पोलादपूरला धाकट्या भावाकडे दोन्ही एकदमच उघडल्या.

पुण्याच्या बाटलीला सुक्या अंजिराचा, मिऱ्याचा, किंचित चामड्याचा वास. चव भरदार, तरी मऊ. महाडच्या बाटलीचं बूच वर सरकलेलं, कडेला चिकट ओघळ. पेल्यात रंग तपकिरी, वास शिजलेल्या मनुकांचा आणि मागोमाग आंबूस.

वाइन तीच, फरक साठवणीचा. झिगोंदासमधलं मुख्य द्राक्ष ग्रनाश. त्यात अल्कोहोल भरपूर, चौदा-पंधरा टक्के. टॅनिन मात्र बेताचं, त्यामुळे हवा लागली की वाइन लवकर उतरते. जोडीला सिरा, मूर्वेद्र असली की ती दहा वर्षंही टिकते, पण १२ ते १४ अंशांत, अंधारात, आडवी ठेवली तरच. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, माळा त्याहून तापतो. तळमजल्यावर ठेवावी, तर जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी कुठवर चढलं ते महाडने पाहिलंच आहे.

म्हणून महाड-पोलादपूरकरांना कळकळीने सांगतो. वाइनचा फ्रिज नसेल तर बाटली मुरवत ठेवू नका, उन्हाळा लागायच्या आत उघडा. तोवर ती घरच्या फ्रिजमध्ये आडवी ठेवा. काही महिने चालतं, वर्षानुवर्षं नाही, कारण तिथल्या कोरड्या हवेत बूच सुकतं. प्रत्येक ग्रनाश मुरवायचीही नसते: नाशिकच्या सुलाची ग्रनाश रोझे ताजी असतानाच प्यावी.

पिताना 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हा नियम कोकणात लावू नका. तो थंड देशातल्या खोल्यांचा. बाटली बाहेर असेल तर प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, फ्रिजमध्येच असेल तर थोडी आधी बाहेर काढा. १६ ते १८ अंशांवर फळाचा स्वाद पुढे येतो, त्याहून गरम झाली की नुसतं अल्कोहोल नाकात चढतं. पेला पांढऱ्या कापडासमोर तिरका धरा. कडेला विटकरी छटा हे वयाचं लक्षण, त्यात दोष नाही. पण सगळाच रंग तपकिरी आणि वास आंबूस असेल तर पाहुण्यांना देऊ नका. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

चांगली बाटली हाती आली की आधी घरातली जागा बघा, मगच ती किती वर्षं ठेवायची ते ठरवा.