किरण कसे ओळखावेत?

माझ्या आजीला शहरातल्या दवाखान्यात शेक दिला. ती घरी आली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "तिच्याजवळ बसू नको, किरण लागतील." मला रडू आलं. मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले ते लिहीत आहे.

१८९६ साली पॅरिसमध्ये बेकरेल यांना समजले, की युरेनियममधून न दिसणारे किरण निघतात. ते काळ्या कागदातूनही जातात. पुढे १८९९ साली रदरफोर्ड यांनी युरेनियमवर अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे ठेवून पाहिले. लवकर अडले ते अल्फा, पुढे गेले ते बीटा. १९०० साली विलार यांना तिसरी जात सापडली. तिला गॅमा म्हणतात.

मुलांनो, ओळख पाठ करा.

अल्फा : वहीच्या कागदाने अडतो. पण तो सोडणारी धूळ पोटात किंवा छातीत गेली तर फार वाईट.

बीटा : कागदातून जातो. अॅल्युमिनियमच्या चार-पाच मिलिमीटर जाड पत्र्याने अडतो.

गॅमा : दोन्हींतून जातो. तो कमी करायला शिशाचा जाड ठोकळा किंवा काँक्रीटची जाड भिंत लागते.

आजीचा शेक कोबाल्टच्या मशीनचा, म्हणजे गॅमाचा. तो आरपार जातो म्हणूनच आतल्या गाठीपर्यंत पोचतो. पण अंगात साठत नाही. कंदील विझवल्यावर उजेड अंगाला चिकटून राहतो का? तसंच हे.

आता मी आजीच्याच ताटात जेवतो. काकू शाळेत आल्या की त्यांना हे वाचून दाखवणार आहे.