'हेल्प' ह्या शब्दाचे अर्थ

'हेल्प' म्हणजे साह्य, एवढेंच इंग्रजी शिकणारे पुष्कळ जण जाणतात. संकटांत सांपडलेला मनुष्य 'हेल्प!' असें ओरडतो, तेव्हां 'धांवा, वांचवा' असा अर्थ होतो. भोजनाचे वेळीं यजमान 'हेल्प युवरसेल्फ' म्हणाला, तर संकोच न करितां आपल्या हातानें वाढून घ्यावें. परंतु खरा घोटाळा 'कॅनॉट हेल्प' येथें होतो. कोणी पत्रांत 'आय कॅनॉट हेल्प प्रेझिंग यू' असें लिहिलें, तर त्यानें साह्य नाकारिलें असें समजून रागाचें उत्तर धाडूं नये. विनाकारण स्नेह तुटेल. येथें 'हेल्प' म्हणजे टाळणें. अर्थात् 'तुमची स्तुति केल्यावांचून मला राहवत नाहीं.' यास्तव शब्द एकटा न पाहतां त्याच्या सोबत्यांसह वाचावा, अशी आम्ही वाचकांस विनंति करितों.