भित्तिपत्रकांची कला आणि आपलें कोल्हापूर

रस्त्यानें जातांना भिंतीवर चिकटविलेलीं भित्तिपत्रकें, म्हणजेच पोस्टरें, आपण सर्वजण पाहतों. परंतु तींही चित्रकलेचेंच एक अंग आहेत, हें थोड्यांच्याच ध्यानांत येतें. दिवाणखान्यांतील तसबिरीपुढें मनुष्य स्वस्थपणें उभा राहतो. भित्तिपत्रकापुढून तो घाईनें निघून जातो. तेवढ्या क्षणांत चित्रानें आपलें सांगणें त्यास सांगितलें पाहिजे. या एका गरजेंतूनच या कलेची शैली घडली, असें आम्हांस वाटतें.

भित्तिपत्रकें पूर्वीं शिळाछापावर छापीत. दगडावर तेलकट खडूनें आकृति काढून तो ओला केला, म्हणजे शाई आकृतीवरच धरते. प्रत्येक रंगास बहुधा निराळा दगड लागे. म्हणून रंग जितके थोडे, तितका खर्च कमी. पॅरिस येथील तुलूझ लोत्रेक यानें १८९१ सालापासून जीं भित्तिपत्रकें काढलीं, त्यांत सपाट रंग व ठसठशीत रेषा दिसतात. हें वळण त्यानें जपानी ठशांच्या चित्रांवरून उचललें. यूरोपच्या या नव्या कलेवर पूर्वेचें असें ऋण आहे.

आपल्याकडे हा प्रवाह उलट दिशेनें वाहिला. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळाछापखाना काढला आणि पाश्चात्त्य छायाप्रकाशानें रंगविलेल्या देवदेवता घरोघर पोहोंचल्या. त्याच सुमारास कोल्हापुरांत बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर (१८९०–१९५४), लहानाचे मोठे होत होते. कोणत्याही कलाशाळेंत न जातां त्यांनीं ही विद्या संपादन केली, आणि नात्यानें भाऊ लागणारे आनंदराव यांच्यासह नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. पुढें त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० सालीं झळकला. आपल्या चित्रपटांचीं भित्तिपत्रकें ते स्वतःच रंगवीत. १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चें भित्तिपत्रक उपलब्ध भारतीय भित्तिपत्रकांत अतिशय जुनें मानलें जातें.

पॅरिसच्या आकृति सपाट, आणि कोल्हापूरच्या गोलाई असलेल्या, असें कां? पडद्यांवर व रविवर्म्यांच्या चित्रांवर ज्यांची नजर तयार झाली होती, त्या प्रेक्षकांस अशीच आकृति चटकन ओळखूं येई. आणि ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्यांस तर चित्र हीच जाहिरात होती. साधन एकच, पण पाहणाऱ्याच्या संस्कारांप्रमाणें शैली पालटली.

मूकपटांच्या काळांतील बहुतेक चित्रपट नष्ट झाले आहेत. पावसांत भिजून जाणारा कागद मात्र कांहीं ठिकाणीं चित्रपटाहून अधिक टिकला! विद्यार्थिमित्रांनो, आपल्या घरच्या जुन्या ट्रंकेंत असा एखादा कागद सांपडल्यास तो रद्दींत घालूं नका. वडीलधाऱ्यांस दाखवा व जपून ठेवा. आणि यापुढें भिंतीवरील चित्र पाहतांना एवढें विचारा: आपली दृष्टि प्रथम कोठें गेली, आणि ती तेथेंच कां गेली?