गॅस सिलिंडरचं कनेक्शन: बसतंय म्हणून बसवायचं नाही!



येवला म्हटलं की पैठणी आठवते. पण याच तालुक्यात कांदाचाळ, ट्रॉली, ग्रिल-गेट यांचंही काम आहे. असं वर्कशॉप काढायचं तर पहिल्याच महिन्यात गॅस सिलिंडर दारात येतो. आणि पैसे वाचवायला आपण जुन्या बाजारातून रेग्युलेटर उचलतो. आजचा धडा त्यावरच.

आटे वेगळे का असतात?
चुकीचा गॅस चुकीच्या ठिकाणी जोडलाच जाऊ नये म्हणून. ॲसिटिलीन, हायड्रोजन अशा जळणाऱ्या गॅसला डावे आटे, म्हणजे नट उलटा फिरवून घट्ट होतो. ऑक्सिजन, आरगॉन, नायट्रोजनला उजवे आटे. डाव्या आट्याच्या नटाच्या कोपऱ्यांवर खाचा दिसतात, ती खूण लक्षात ठेवा. आपल्याकडे व्हॉल्व्हच्या जोडणीसाठी आयएस ३२२४ हे मानक आहे.

रंगही बघा: ऑक्सिजन काळा, ॲसिटिलीन मरून, आरगॉन निळा. पण फक्त रंगावर जाऊ नका, सिलिंडरवरचं गॅसचं नाव वाचा.

हे कधीच करू नका
- नट बसत नाही म्हणून पान्याने जोर लावणे, किंवा लेथवर घरगुती ॲडॉप्टर बनवून घेणे. भरलेल्या ऑक्सिजन सिलिंडरमध्ये साधारण १५० बार दाब असतो. आटे सुटले तर रेग्युलेटर गोळीसारखा उडतो.
- ऑक्सिजनच्या जोडणीला तेल, ग्रीस लावणे. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेऊ शकतं.
- टेफ्लॉन टेप गुंडाळणे. इथे गळती आटे थांबवत नाहीत. नॉझलचं तोंड व्हॉल्व्हच्या बैठकीवर नीट टेकलं की थांबते. गळत असेल तर तोंड किंवा वॉशर खराब आहे.
- ॲसिटिलीनला तांब्याची नळी जोडणे. त्यातून स्फोटक संयुग तयार होतं.

सीओटू वेल्डिंग करणार असाल तर त्याचा रेग्युलेटर वेगळाच घ्या. या सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो, म्हणून किती उरलाय हे गेजवर कळत नाही, वजन करावं लागतं. जास्त वापरात रेग्युलेटर गोठतो, त्यासाठी हीटर लागतो.

खरेदीचा क्रम
१. आधी काम ठरवा, त्यावरून गॅस.
२. मग पुरवठादार. त्याला विचारा, "तुमच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला कोणती जोडणी आहे?"
३. त्यानंतरच रेग्युलेटर, पाइप आणि फ्लॅशबॅक अरेस्टर.

बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. मग घेतलेला रेग्युलेटर बसत नाही, आणि तिथूनच जुगाड सुरू होतो.

जोडल्यावर व्हॉल्व्ह हळू उघडा, रेग्युलेटरसमोर उभं राहू नका आणि साबणाच्या पाण्याने गळती तपासा. काडी पेटवून कधीच नाही.

गृहपाठ: आज जवळच्या वर्कशॉपमध्ये जाऊन डावा आटा आणि उजवा आटा स्वतःच्या डोळ्यांनी ओळखा. मशीन नंतर घ्या, आधी हे शिका!