दरवाजा राखणाऱ्या लेकरांना

लेकरांनो, एकच दरवाजा धरा. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणून आपल्याला मिरवायला आवडतं. मग उत्साहाच्या भरात या रविवारी पैठण गेट, पुढच्या रविवारी बारापुल्ला, त्याच्या पुढे रंगीन दरवाजा असा बेत ठरतो. फोटो पुष्कळ निघतात, पण एकाही भिंतीची ओळख होत नाही. एकाच दरवाज्याकडे बारा महिने जात राहा. वैशाखात कुठल्या सांध्यातून चुन्याची भुकटी गळते, भाद्रपदात कुठे शेवाळ धरतं, थंडीत सकाळचं ऊन कोणत्या बाजूला पोचतच नाही, हे डोळ्यांत बसू द्या. भिंत कुठे दुखतेय हे एका भेटीत कळत नाही.

दरवाजा ठरला की तो कोणाच्या ताब्यात आहे, ते आधी विचारून घ्या. बिबी का मकबरा आणि देवगिरीचा किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, पाणचक्की वक्फ बोर्डाकडे आहे आणि शहरातले बहुतेक दरवाजे महापालिकेकडे. छावणीतल्या जुन्या चर्चला हात लावायचा असेल तर तिथल्या मंडळींशी बोलायला लागेल. परवानगी तोंडी घेऊ नका. अर्जाची पोच घ्या आणि काय करणार, काय करणार नाही हे त्या अर्जातच लिहा. केंद्रीय संरक्षित स्मारकाला इजा केली किंवा त्यात फेरफार केला, तर १९५८ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तुमचा हेतू चांगला होता, एवढ्यावर सुटका होईल अशा भरवशावर राहू नका. कागद हातात असला की पोलीसही अडवत नाहीत आणि शेजारचा दुकानदारही मदतीला येतो.

आता सगळ्यात मोठी गोष्ट सांगतो. जुन्या इमारतीचा खरा वैरी पाणी आहे. तोफा थांबून शतकं झाली, पाणी मात्र दरवर्षी येतं. भडकल दरवाजा मलिक अंबरने १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धाकाने १६८२ मध्ये औरंगजेबाने शहराला तट घातला. त्या बांधकामातलं जे आज उभं आहे, ते बहुतेक ठिकाणी पाणी नीट वाहून गेलं म्हणून उभं आहे. म्हणून मृग लागायच्या आधी माथ्यावरच्या पन्हाळी मोकळ्या झाल्याच पाहिजेत. तुम्ही स्वतः वर चढू नका. महापालिकेचा माणूस शिडी घेऊन येईपर्यंत अर्जामागे अर्ज द्या. पक्ष्यांची घरटी, पतंगाचा मांजा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिंपळाची सुकी पानं, एवढ्याने पन्हाळ तुंबते आणि मग सगळं पाणी भिंतीच्या पोटात उतरतं. खालच्या बाजूलाही तेच. रस्ता दरवर्षी डांबराने वर चढत जातो आणि दरवाज्याचा पाया खड्ड्यात जातो. पायाशी पाणी साचतंय असं दिसलं तर ते काम तुमचं आहे. माती उकरू नका, पण गटार कुठे तुंबलंय ते शोधून तिथला कचरा काढा. एवढं केलंत तरी वर्षाचं अर्धं राखणं झालं.

पाण्याच्या मागोमाग पिंपळ येतो. साळुंकी, बुलबुल फळं खातात, बी सांध्यात पडतं आणि पहिल्या पावसात दोन पानं दिसू लागतात. तेवढं रोप ओल्या भिंतीतून अलगद बोटाने उपटता येतं. श्रावणात आठवड्याला एक फेरी मारलीत तर पुढचं सगळं संकट टळेल. पण मनगटाएवढं खोड झालं असेल तर त्याला हातही लावू नका. ते ओढलंत की मुळासकट दोन दगड बाहेर येतील. ते काम जाणकाराचं: आधी फांद्या छाटायच्या, मग खोड कापायचं, मग मुळाचा बंदोबस्त औषधाने करायचा. तुमच्या वाट्याला येतं ते त्यानंतरचं कंटाळवाणं काम. कापलेल्या जागी पुन्हा कोंब येतात, आणि ते दर पंधरवड्याला खुडायचे असतात, मूळ थकेपर्यंत. कोणी आम्लाची बाटली ओता म्हणेल, त्याचं ऐकू नका. आम्ल पिंपळाला मारायच्या आधी चुना खातं.

आणि सिमेंट. मी सरकारी बांधकामात ओव्हरसिअर होतो, सिमेंटची कामं उभी केली, म्हणून अधिकाराने सांगतो. भेग दिसली की घमेलंभर सिमेंट कालवून भरायची ऊर्मी सगळ्यांनाच येते. ती आवरा. आपल्या दरवाज्यांचा काळा बसाल्ट चुन्यात बसवलेला आहे. चुन्याची भिंत ओल घेते आणि उन्हात सोडते. वर सिमेंटचा थर आला की ओल आत कोंडते आणि बाजूच्या मऊ चुन्यातून वाट काढते. त्या ओलीबरोबर क्षार येतात, भिंतीला लोणा लागतो, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. दोन पावसाळ्यांनी सिमेंटचा तुकडा जसाच्या तसा असतो आणि त्याच्या भोवतालचं जुनं काम भुगा होऊन पडलेलं असतं.

चुन्याचं काम गवंड्याचं आहे, पण ते तुम्ही बघून घ्या, म्हणजे चूक होत असेल तर ओळखता येईल. कळीचा चुना विझवून कित्येक आठवडे पाण्याखाली मुरवतात. घाण्यात वाळू, विटांची सुरखी यांच्यासह मळतात. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी हे जुन्या गवंड्यांचे जिन्नस. कोणत्या कामाला कोणता, ते त्यांना माहीत असतं. चुना हवेतला कर्ब वायू घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला घाई चालत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात केलेला चुना वाळतो, पण घट्ट होत नाही. दिवाळीनंतर माघापर्यंतचे दिवस चांगले. वर ओलं गोणपाट टांगायचं आणि ते रोज भिजवायचं. मजूर मिळत नाही म्हणून काम रखडतं, तेव्हा गोणपाट भिजवायला रोज दोन पोरं आली तर ती फार मोठी मदत असते. हेही राखणंच आहे, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

हाताने करायची बाकी कामं सोपी आहेत. झाडायला नारळाच्या काथ्याचा किंवा मऊ केसांचा ब्रश. तारेचा ब्रश आणि जोराच्या पाण्याचा पंप अजिबात नको. कबुतरांची विष्ठा कोरडी खरवडू नका, आधी पाण्याने भिजवा, तोंडाला मास्क बांधा. तिची धूळ छातीला वाईट. पोळं दिसलं तर त्या दिवशी काम बंद. भिंतीवर लिहिलेली नावं घासून काढू नका; घासल्याने नाव राहतं आणि गिलावा जातो. नहर-ए-अंबरीच्या मॅनहोलमध्ये तर कोणत्याही कारणाने उतरायचं नाही. मलिक अंबरच्या त्या भूमिगत नहरींचं कौतुक वरून करा. बंद जागेत विषारी वायू साचलेला असतो आणि त्याला वास असेलच असं नाही. बॅनरचे खिळे दिसले तर उपटू नका, फोटो काढून अर्ज द्या. गंजलेला खिळा फुगून दगड फोडतो, पण ओढला तर तुकडा घेऊनच निघतो.

माणसांचंही सांगतो. दरवाजा रिकाम्या जागेत उभा नसतो. त्याच्या कमानीखालून शाळेची रिक्षा जाते, सावलीला चहावाला बसतो, कोपऱ्यात कुणाचा हातगाडा असतो. त्यांना हाकलण्याच्या गोष्टी करू नका. तुम्ही रविवारी दोन तास येता, ते रोज बारा तास तिथे असतात. दगड पडला तर आधी त्यांना कळतं. त्यांच्याशी दख्खनीत, मराठीत, जमेल तसं बोला, नावं विचारा, त्यांच्याकडे तुमचा फोन नंबर ठेवा. कामाचे दिवसही तारतम्याने ठरवा. १४ एप्रिलला भडकल गेटजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जनसागर येतो, नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेची गर्दी असते, रमजानमध्ये संध्याकाळी जुन्या शहरातले रस्ते भरलेले असतात, गणपतीच्या मिरवणुका तर असतातच. त्या दिवशी खराटा घेऊन आडवे येऊ नका. आणि नावाचा वाद कामात आणू नका. हे गाव खडकी होतं, फतेहनगर झालं, औरंगाबाद झालं, छत्रपती संभाजीनगर झालं. ज्यांना यातलं जे नाव प्रिय आहे, त्या सगळ्यांचे हात दरवाज्याला लागणार आहेत.

एक जाड वही करा. मोबाइलमध्ये फोटो हवेतच, पण वही वेगळी. दर महिन्याला त्याच जागी उभं राहून, भेगेशेजारी फूटपट्टी धरून फोटो काढायचा आणि वहीत तारीख, भेगेची रुंदी, पाऊस किती झाला ते लिहायचं. भेग वाढते आहे की जुनीच आहे, हे अभियंत्याला सांगायला याहून चांगला पुरावा नाही. अर्जाच्या पोचही त्यातच चिकटवा.

असं राखणं एका पिढीत संपत नाही. इंग्लंडात कँटरबरीच्या कॅथेड्रलसाठी डीन जॉर्ज बेल यांनी १९२७ मध्ये मित्रमंडळ काढलं. त्या प्रकारचं ते पहिलं मंडळ, आणि ते आजही चालू आहे. त्या मंडळातली सुरुवातीची माणसं कधीच गेली, पण पुढच्यांनी काम हातात घेतलं. आपल्याकडे मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलच्या जतनाच्या कामाला २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत मान मिळाला. ती इमारत १७१८ ची. पैसा आणि तज्ज्ञ लागतातच, पण त्यांच्या आधी आणि त्यांच्या नंतर रोज लक्ष ठेवणारी माणसं लागतात. आपल्या पोरांना पदवी झाली की पुण्याला नोकरी लागते, आणि गट तिथेच विरतो. म्हणून तुमच्यातला प्रत्येक जण शहर सोडायच्या आधी शाळेतलं एक पोर हाताशी धरो. त्याला पन्हाळ दाखवा, पिंपळाचं रोप कुठे उगवतं ते दाखवा, आणि वही त्याच्या हातात द्या. ही वही माझ्याकडे आणून देऊ नका. मी आता सत्तरी ओलांडली आहे, ती चौदा-पंधरा वर्षांच्या पोराकडेच गेली पाहिजे.