परदेशप्रवास आणि भ्रमणध्वनी : डेटा रोमिंगचा हिशेब

परदेशप्रवास ही आता केवळ शहरांतील सुखवस्तू कुटुंबांपुरती बाब राहिलेली नाही. हजयात्रेला निघणारे यात्रेकरू, आखाती देशांत कामाला जाणारे कारागीर, मुलानातवंडांना भेटण्यासाठी अमेरिकेस जाणारे निवृत्त शिक्षक, उच्च शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि कृषी विभागाच्या अभ्यासदौऱ्यांतून जाणारे शेतकरी अशा नाना थरांतील लोक आज परदेशी जातात. तिकीट, व्हिसा आणि चलन यांची चौकशी ते कसोशीने करतात. खिशातील भ्रमणध्वनीची चौकशी मात्र बहुधा राहून जाते. परिणामी, कोणाच्या हाती परतल्यावर हजारो रुपयांचे देयक पडते. तर कोणी खर्चाच्या धास्तीने सिमकार्डच काढून ठेवतो आणि ऐन गरजेच्या वेळी बँकेचा ओटीपी त्याला मिळत नाही. ही दोन्ही संकटे टाळता येण्याजोगी आहेत. त्यासाठी रोमिंगची व्यवस्था कशी चालते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

रोमिंग म्हणजे काय?

आपल्या कंपनीचे जाळे जेथे नाही, तेथे दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून सेवा मिळणे म्हणजे रोमिंग होय. यामागे कंपन्याकंपन्यांमधील करार असतात. युरोपातील दूरसंचार प्रशासनांनी एकसमान भ्रमणध्वनी पद्धतीचा, म्हणजेच पुढे जीएसएम म्हणून ओळखल्या गेलेल्या पद्धतीचा विचार 1982 मध्ये सुरू केला. 1987 मध्ये कोपनहेगन येथे त्याविषयी सामंजस्य करार झाला आणि 1 जुलै 1991 रोजी फिनलंडमध्ये या पद्धतीवरील पहिले संभाषण झाले. लगेच पुढच्या वर्षी फिनलंड व ब्रिटनमधील दोन कंपन्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार केला. भारतात पहिले भ्रमणध्वनी संभाषण 31 जुलै 1995 रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झाले.

प्रत्येक सिमकार्डात ग्राहकाची ओळख सांगणारा जास्तीत जास्त पंधरा अंकी क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देश दर्शवितात. भारतीय सिमकार्डांत ते सर्वसाधारणपणे 404 किंवा 405 असतात. विमानतळावर उतरून यंत्र सुरू करताच तेथील जाळे हा क्रमांक वाचते, त्यावरून घरची कंपनी ओळखते आणि या ग्राहकास सेवा द्यावी काय, अशी विचारणा तिच्याकडे करते. होकार मिळाला की पाहुणा ग्राहक म्हणून त्याची नोंद होते. डेटाच्या बाबतीत तर बहुधा सर्व वाहतूक परदेशी जाळ्यावरून घरच्या कंपनीच्या केंद्राकडे येते व तेथून इंटरनेटला मिळते.

खर्च का वाढतो?

या व्यवहारात परदेशी कंपनी आपल्या जाळ्याच्या वापराचा आकार घरच्या कंपनीकडून वसूल करते आणि घरची कंपनी तो आपल्या दराने ग्राहकाकडून घेते. हिशेबाच्या नोंदी पोचण्यास काही वेळा विलंबही लागतो. म्हणून पोस्टपेड ग्राहकास आपला खर्च कोठवर गेला हे त्याच क्षणी कळेलच असे नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आजचे यंत्र मालकाने हात न लावताही डेटा वापरीत असते. छायाचित्रांची प्रत आपोआप साठविली जाते, ॲप अद्ययावत होतात, गटांवर येणारी सुप्रभाताची चित्रे व चित्रफिती आपोआप उतरतात. समजा, प्रवाशाने दिवसभरात 100 छायाचित्रे काढली आणि प्रत्येक छायाचित्र 4 एमबीचे आहे. कोणतीही योजना न घेता एका एमबीला 20 रुपये दर पडतो असे उदाहरणादाखल धरले, तर 400 एमबीचे 8,000 रुपये होतात. तीच छायाचित्रे रात्री निवासस्थानी वायफायवरून साठविली असती, तर रोमिंगचा एक पैसाही लागला नसता.

दोन निरनिराळ्या किल्ल्या

अनेकांचा घोटाळा येथेच होतो. ‘आंतरराष्ट्रीय रोमिंग’ ही कंपनीने द्यावयाची सेवा आहे. ‘डेटा रोमिंग’ ही यंत्रातील कळ आहे. पहिली सुरू असल्याशिवाय परदेशात भारतीय क्रमांकावर संभाषण वा लघुसंदेश येत नाहीत. दुसरी बंद असल्यास त्या सिमकार्डावरून परदेशी जाळ्यावर डेटा वापरला जात नाही. म्हणून बहुसंख्य प्रवाशांना सेवा सुरू आणि कळ बंद, ही स्थिती सर्वांत सोयीची ठरते. ओटीपी येत राहतो आणि डेटाचा खर्चही होत नाही. येणाऱ्या लघुसंदेशांना बहुतेक योजनांत आकार नसतो. तथापि आपल्या कंपनीकडून तशी खात्री करून घ्यावी. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : रोमिंगमध्ये आलेला कॉल घेतल्यास त्याचाही आकार पडू शकतो. हे गावाकडील नातलगांना आधीच सांगून ठेवणे हिताचे होय.

निघण्यापूर्वी करावयाची कामे

1. कंपनीच्या अधिकृत ॲपवर किंवा ग्राहक सेवेकडे चौकशी करून आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा सुरू करून घ्यावी.

2. रोमिंगची योजना घ्यावयाची असल्यास चार गोष्टी पाहाव्यात : कोणते देश, तेथील कोणत्या कंपन्या, किती डेटा, आणि दिवस कसा मोजला जातो. काही योजनांत दिवस म्हणजे वापर सुरू झाल्यापासूनचे चोवीस तास. काहींत भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीपर्यंतचा काळ.

3. मुक्काम दीर्घ असल्यास तेथील स्थानिक सिमकार्ड किंवा ई-सिम स्वस्त पडते. यंत्र ई-सिम स्वीकारणारे आहे काय व ते एखाद्या कंपनीशी बांधलेले नाही ना, हे आधी तपासावे. दोन सिमकार्डे असल्यास डेटासाठी स्थानिक कार्ड निवडावे आणि डेटा आपोआप दुसऱ्या कार्डावर जाण्याची सोय बंद ठेवावी. व्हॉट्सॲप जुन्याच क्रमांकावर चालू राहते.

4. नकाशे घरीच उतरवून घ्यावेत. रोमिंगमध्ये चित्रे व चित्रफिती आपोआप उतरणार नाहीत, अशी व्यवस्था व्हॉट्सॲपमध्ये करावी.

5. सर्व क्रमांक +91 या देशांकासह साठवावेत.

विशेष सावधगिरीची ठिकाणे

समुद्रपर्यटनाच्या जहाजांवर व काही विमानांत उपग्रहाच्या साहाय्याने स्वतंत्र जाळे चालते. त्याचा दर जमिनीवरील जाळ्याहून पुष्कळ अधिक असतो आणि देशापुरती घेतलेली योजना तेथे बहुधा लागू होत नाही. तेथे ‘विमान स्थिती’ ठेवणे उत्तम. सीमेवरील गावांतही यंत्र शेजारच्या देशाचे जाळे पकडते. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा हे शहर फ्रान्सच्या सीमेलगतच आहे. तेथे जाळ्याची निवड स्वयंचलित न ठेवता हाताने करावी.

युरोपची बाब जाणून घेण्याजोगी आहे. युरोपीय संघाने 15 जून 2017 पासून सभासद देशांतील रोमिंगचा जादा आकार रद्द केला व 2022 मध्ये ही व्यवस्था दहा वर्षांसाठी वाढविली. ही सवलत त्या देशांच्या सिमकार्डांना आहे. भारतीय सिमकार्डास नाही. मात्र नेदरलँड्समध्ये घेतलेले सिमकार्ड, त्याच्या वाजवी वापराच्या मर्यादेत, जर्मनी वा फ्रान्समध्येही जादा आकाराशिवाय चालू शकते. स्वित्झर्लंड संघाचा सभासद नाही आणि ब्रिटन आता संघाबाहेर आहे. तेथे हा नियम लागू नसल्याने कार्ड घेतानाच विचारावे.

गावपातळीवरील कर्तव्य

गावातून कोणी प्रथमच परदेशी निघाले, की सल्ल्यासाठी लोक शिक्षकांकडे, ग्रामसेवकांकडे किंवा पंचायत सदस्यांकडे येतात. अशा वेळी पारपत्राच्या कागदांबरोबर भ्रमणध्वनीही पाहावा, त्यातील डेटा रोमिंगची कळ प्रवाशाच्या स्वतःच्या हाताने बंद व सुरू करून घ्यावी आणि वरील कामांची यादी कागदावर लिहून द्यावी. अभ्यासदौरा वा यात्रा यांच्या पूर्वतयारीच्या बैठकीत या विषयास दहा मिनिटे दिली, तरी पुरेशी होतील. निवृत्तिवेतनावर किंवा हंगामाच्या मिळकतीवर प्रवास करणाऱ्या माणसास आठ-दहा हजारांचे अनपेक्षित देयक जड जाते. परक्या मुलुखात घरच्यांशी संपर्क तुटणे तर त्याहून जड जाते. निघण्यापूर्वीच्या या अल्पशा तयारीने दोन्ही टळतात.