पत्र्यावर पंच पडण्याआधी

चि. मुक्ता,


कॅलिफोर्नियात पोमोनाला शेड घेऊन जुन्या गाड्यांच्या बॉनेटवर लूव्हर, म्हणजे हवा जायच्या फुगीर चिरा, पाडून द्यायच्या, हा बेत ऐकून तुझ्या आईला धडकीच भरली. मला नाही भरली. हा धंदा चालणार तर तुमच्या त्या भागातच. 1937 साली साउदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन निघाली, त्याच्याही आधीपासून तिकडची पोरं कोरड्या तळ्यांवर जुन्या फोर्ड पळवताहेत, आणि 1949 पासून बॉनव्हिलच्या मिठाच्या माळावर. आत कोंडलेली हवा निघून जावी म्हणून त्यांनी बॉनेटला, डिकीला लूव्हर पाडले. आता बहुतेकांना ते शोभेला हवे असतात. असू देत, पैसे शोभेचेही तेवढेच मिळतात. इकडे भोसरीत गाडीच्या मूळ रूपाला हात लावायचा तर आधी आरटीओचं झेंगट.

प्रेस बघताना नुसतं टनेज विचारत बसू नकोस. 18 गेजचा पत्रा म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर. चार इंची लूव्हरची कड कातरायला साडेतीन-चार टन पुरतात, फुगवटा उठवायला आणखी थोडे. तुझी खरी अडचण घशाची आहे. बॉनेटच्या मधोमध पोचायला तीन-एक फूट खोल घसा लागेल, आणि एवढ्या खोल सी-फ्रेमवर लोड आला की ती जबडा उघडते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण पंच डायला तिरका भेटतो. कातरायच्या बाजूचा क्लिअरन्स जेमतेम सात-आठ शतांश मिलिमीटर, तिथे तिरकेपणा कसा खपेल? एका टोकाला बर येईल, दुसऱ्या टोकाला धार डायवर बसून उडेल. एरवी आपण डायसेटला गाइड पिलर लावून मोकळे होतो. इथे तीही सोय नाही, कारण पिलरच्या वाटेत पत्राच येतो. म्हणून फ्रेम ताठ हवी, रॅमला लांब गाइड हवा आणि रॅम फिरू नये म्हणून चावी हवी. विकत घेण्याआधी घशाच्या तोंडाशी डायल लाव, लोड दे आणि काटा किती हलतो ते स्वतः बघ. विकणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस.

आलेल्या मालावर आधी लोहचुंबक फिरव. जिथे पकड ढिली लागते तिथे रंगाखाली पुटी आहे. ती फुटून डायमध्ये जाते आणि पुढच्या प्रत्येक लूव्हरवर तिचा ठसा उमटतो. गिऱ्हाइकाला सांगायचं, पत्रा उघडा करून आण. गंजाने पातळ झालेला पत्रा कोपऱ्यात चिरतो. कडक टेंपरच्या ॲल्युमिनियमचंही तेच. आतून वेल्ड केलेल्या पट्ट्या कुठून जातात ते बघून मगच आखणी कर.

आखणीला हवा तितका वेळ घे, घाई नको. कागदाचे लूव्हर कापून बॉनेटवर चिकटव, गिऱ्हाइकाला दहा पावलं मागे उभं कर, आणि रांग पसंत पडली की कागदावर सही घे. पत्रा उलटा ठेवून पंच करणार असशील तर सगळं डावं-उजवं होतं, म्हणून लूव्हरच्या तोंडाची दिशा बाणाने दाखव. मध्यरेषेपासून सुरू करून दोन्हीकडे आलटून-पालटून जा. प्रत्येक लूव्हर आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो. एका बाजूची रांग आधी उरकलीस तर बॉनेट पिळलं जातं, आणि मधला सपाट भाग बोटाने दाबला की टक्-टक् आत-बाहेर व्हायला लागतो. तो ताणून जागेवर आणण्यात तुझी मजुरी जाईल. रंगाला पाठवण्याआधी बॉनेट गाडीवर बसवून फटी बघायला सांग.

कोणी म्हणालं, "गाडी तापते, मागे काचेजवळ भरपूर पाड," तर त्याला समजावून सांग की काचेच्या पायथ्याशी वाऱ्याचा दाब जास्त असतो. तिथून गरम हवा बाहेर निघण्याऐवजी बाहेरचीच आत घुसू शकते. रांग पुढे घ्यायला लाव. पाऊस कुठे पडेल तेही आधीच बोलून घे. डिस्ट्रिब्युटरवर पाणी पडलं की दोष तुझ्याकडेच येणार.

मजुरी लूव्हरमागे घे, तीच तिकडची रीत आहे. आखणीचे वेगळे लाव आणि तिथे संकोच करू नकोस. विम्याच्या एजंटला स्पष्ट विचार, कारण दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असताना बिघडली तर साधी लायबिलिटी पॉलिसी सहसा हात वर करते. 1932 च्या फोर्डचं कारखान्यातून आलेलं मूळ बॉनेट कोणी घेऊन आलं तर नवं, नकलेचं बॉनेट आण म्हणावं, ते बाजारात मिळतं. चुकीच्या जागी पडलेला लूव्हर परत बसत नाही, तो कापून ठिगळ वेल्ड करावं लागतं, आणि ज्याच्या आजोबांची गाडी आहे त्याला ते ठिगळ जन्मभर दिसतं. पहिल्या वर्षी असली कामं घेऊच नकोस. दुसऱ्या वर्षी घ्यायची की नाही, ते तुझं तू ठरव.

डायचं ड्रॉइंग पाठव. डी2 स्टीलमध्येच कर, हार्डनेस 58 ते 60 रॉकवेल. कोपऱ्यांचा रेडियस मात्र मला दाखवल्याशिवाय कटिंगला देऊ नकोस.

तुझा,
मामा